खांद्याची गोळी

आमच्या कंपनीचा मॅनेजर अमेरिकन. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्याने दुबईत ऑफिसची बेसबॉल टीम काढली आणि पुण्याच्या गल्लीत टेनिस बॉलवर पोसलेला मी तिचा दणकेबाज फलंदाज झालो. मनखूल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये याचं कौतुक फक्त मुलीला. होम रनसाठी, म्हणजे चेंडू कुंपणापार टोलवण्यासाठी गाजलेल्या एका अमेरिकन खेळाडूचं पोस्टर तिने भिंतीवर लावलं होतं आणि येईल त्याला ती सांगायची, "माय बाबा हिट्स लाइक हिम." मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू!

पुढे खांदा धरला. माझा थोरला भाऊ पुण्यात डॉक्टर. आखातातल्या बऱ्याच मराठी घरांसारखी आमचीही वर्षभराची औषधं सुट्टीवरून बॅगेतून यायची, भाजणी नि गोड्या मसाल्याच्या मधोमध. त्या वर्षी त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या.

"आठ दिवस घे, मग बंद," भावाने बजावलं होतं.

मी त्या पुरवून पुरवून दर शुक्रवारी, मॅचआधी एक घेऊ लागलो. संपल्यावर त्याला न सांगता येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मागवल्या. घरून आलेलं औषध ते, त्याला डोपिंग म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. चेंडू मात्र लांब जात होते.

मुलगी पंधरा वर्षांची असताना तिच्या त्या खेळाडूने औषधं घेतल्याची बातमी टीव्हीवर आली. तिने पोस्टर उतरवून नीट गुंडाळलं.

"ही लाइड, बाबा. ॲटलीस्ट यू आर रिअल."

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. बायकोनेही डोळ्यांनी तेच सुचवलं. पण मुलीचं ते वाक्य मला झेपेना. मी सगळं सांगून टाकलं.

"डिड इट हेल्प?" तिने विचारलं.

"अगं, खांदा इतका दुखायचा, की..."

"बाबा, डिड इट हेल्प?"

"हो."

"ओके," म्हणून ती जेवायला बसली. मला वाटलं, चला, खलास, मिटलं.

पुढच्या शुक्रवारी मी गोळी न घेता खेळलो. माझं नशीब बघा, पहिलाच चेंडू थेट कुंपणापलीकडे! टीम नाचायला लागली. मी धापा टाकत मॅच बघायला आलेल्या मुलीपाशी गेलो, लहान पोरासारखा खूश होऊन.

तिने कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "टुडे ऑल्सो?"

"नाही गं. आज नाही. खरंच."

तिने मान डोलावली. तिला ते पटलं की नाही, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.