मिरचीच्या डब्यातली किल्ली

आजोबांच्या मोटारसायकलच्या फोटोला तुम्ही दोघांनी बदाम पाठवलेत. थोरल्यानं तर तीन. इतक्या लांबून बदाम पाठवणं सोपं असतं. गाडी तुमच्या अंगणात उभी नसते आणि ती चालवणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस रोज सकाळी तुम्हाला ‘चहा झाला का’ म्हणून विचारत नसतो. धाकटीनं फोटोखाली लिहिलं होतं, ‘आजी, तू हो कसं म्हटलंस?’ प्रश्न चांगला आहे. फोनवर त्याचं उत्तर देता येणार नाही, कारण आजोबा फोन स्पीकरवर टाकतात आणि मध्ये मध्ये दुरुस्त्या सुचवतात. म्हणून लिहिते आहे, पहिल्यापासून आणि क्रमानं.

गाडी साडेसहाशे सीसीची आहे. सीसी म्हणजे काय हे मला पूर्वी माहीत नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. धरमपेठेतल्या बाकीच्या माणसांना निवृत्तीनंतर बागकाम सुचतं, होमिओपॅथी सुचते, फार तर आत्मचरित्र सुचतं. आजोबांना हे सुचलं. त्यांचे दोन जुने मित्र, दोघंही निवृत्त इंजिनिअर, दोघांच्याही गुडघ्यांचं काही खरं नाही, अशाच गाड्यांवरून दर रविवारी कुठे कुठे जाऊन येत होते. आजोबांनी त्यांचे फोटो सहा महिने पाहिले आणि मग माझं मन वळवायला घेतलं.

सुरुवात टीव्हीवर झाली. एक परदेशी मनुष्य ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबतो आणि गाडी घसरत नाही, असं ते चित्रण होतं. मला ते चार वेळा दाखवण्यात आलं. रस्ता ओला होता खरा, पण रिकामा होता. उलट्या बाजूनं फोनवर बोलत येणारं कोणी नव्हतं, दुभाजकाला टेकून रवंथ करणारी गाय नव्हती.

“हा रस्ता कुठला?” मी विचारलं.

“परदेशातला. पण ब्रेक तोच असतो.”

“मग तिथेच चालवा. नातवंडंही भेटतील.”

मी तीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली आहेत. तोंडी विनंतीवर मी कधीच काही केलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की अर्ज लेखी द्या, तोही इंग्रजीत. इंग्रजीचा आग्रह उगाच नव्हता. मराठीत वाद रंगला की तुमचे आजोबा त्यांच्या गावच्या बोलीवर उतरतात, मला हसू येतं, आणि हसले की मी हरते. इंग्रजीत त्यांना कोणाला हसवता आलेलं नाही.

अर्ज आला. रेघी कागदावर, समास सोडून. गाडी ताकदवान असली तरी ती ताकद वापरायलाच हवी असं नाही. मोठ्या गाडीला ब्रेकही मोठे असतात. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं असेल आणि डोक्यावर असेल. (हे लिहावं लागतं, कारण आपल्या शहरात हेल्मेट कोपरात घालतात आणि चौकात हवालदार दिसला की डोक्यावर चढवतात.) खांद्याला, कोपराला, पाठीला गाद्या असलेलं जाकीट बारा महिने घालीन. या मुद्द्यापुढे मी समासात ‘मे महिना?’ एवढंच लिहिलं. शिवाय दोन दिवसांचं चालवण्याचं प्रशिक्षण घेईन, असंही होतं. ते त्यांनी खरोखर घेतलं. वर्गातले बाकीचे विद्यार्थी त्यांना ‘काका’ म्हणत आणि शिकवणारा ‘सर’ म्हणे, त्यामुळे नेमकं कोण कोणाला शिकवत होतं ते शेवटपर्यंत ठरलं नाही, असं ते स्वतःच सांगतात.

अर्ज विचाराधीन असतानाच गाडी घरी आली. म्हणे, नुसती बघायला. झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून बघायला. मी किल्ली ताब्यात घेतली. निकाल लागेपर्यंत ती माझ्याकडे राहील, सकाळी अर्ध्या तासाच्या फेरीसाठी मिळेल, परत आल्यावर जमा करायची. मी ती त्यांच्या नकळत भिवापुरी मिरच्यांच्या डब्यात ठेवत असे, वरच्या फळीवर. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या डब्याला आजोबांचा हात लागलेला नाही. बँकेच्या लॉकरचीही मला इतकी खात्री नाही.

तिसऱ्याच दिवशी गाडी पडली. वेग शून्य. अंगणात, उभ्या उभ्या, तिरक्या स्टँडवर नीट न टेकल्यामुळे. माझ्या कढीपत्त्याची कुंडी तिच्याखाली गेली. दोनशे किलोंच्या वरची ती वस्तू आजोबांनी प्रशिक्षणात शिकवलं तशी उचलली, म्हणजे तिच्याकडे पाठ करून, खाली बसून, पायांच्या जोरावर. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं.

“ते ब्रेक कुठे गेले होते?” मी विचारलं.

“उभ्या गाडीला ब्रेकचा काय संबंध?”

“तेच म्हणते मी. गाडीतलं सगळं तुम्ही सांगितलंत. गाडीवरच्या माणसाचं अर्जात काहीच नाही.”

आणि मग मी अर्जाखाली एक प्रश्न लिहिला, मराठीत: ‘ज्या दिवशी जाऊ नये, त्या दिवशी तुम्ही जाणार नाही, हे कशावरून?’

हा प्रश्न कुठून आला ते तुम्हाला सांगायला हवं. तुमचे बाबा चौथीत होते तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे एक स्कूटर होती, इतकी अशक्त की पुलाच्या चढावर मी खाली उतरून चालायचे आणि वर जाऊन तिची वाट बघायचे. उमरेडला आजोबांच्या मित्राच्या घरी लग्न होतं. आजोबांना सकाळपासून ताप होता. मी म्हटलं, जाऊ नका. ते जाणारही नव्हते. बरोबर जाणारा दुसरा एक मित्र दारात आला आणि म्हणाला, “काहून गा, बायकोले विचारून राहिला का?” बस. पंधराव्या मिनिटाला स्कूटर रस्त्यावर. तापात डोळा लागला, स्कूटर नालीत गेली, गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, डोकं वाचलं हे नशीब. मी दवाखान्यात लाकडी बाकावर बसले होते आणि तुमचे बाबा मला विचारत होते की बाबा उद्या घरी येणार का.

म्हणजे आमच्या घरातला एकमेव मोठा अपघात ज्या वाहनानं केला, त्याच्यापुढे सायकलवाले घंटी वाजवून निघून जात. सीसीचा त्यात काही दोष नव्हता.

तेव्हापासून आजोबा मित्रांना नकार देऊ लागले, पण माझ्या नावानं. ट्रेकला जायचं नसलं, ‘ही सोडत नाही.’ पत्त्यांना बसायचं नसलं, ‘ही चिडते.’ गेली तीस वर्षं त्यांच्या मित्रमंडळात मी एक जेलर आहे. मला त्याचं काही वाटत नाही, जेलरला मान असतो. पण रस्त्यावर जेलर सोबत नसतो. समोरचा पुढे निघून गेला, मागचा हॉर्न मारतो आहे, अंगात त्राण नाही, अशा वेळी ‘ही सोडत नाही’ कोणाला सांगणार? तुम्ही सगळे तिकडे. इथे या घरात दोन कप असतात. एक कप राहिला तर काय, हा माझा खरा प्रश्न होता. तो अर्जावर लिहिण्यासारखा नव्हता, म्हणून मी दुसरा लिहिला.

आजोबांनी प्रश्नाखाली उत्तर लिहिलं: ‘विश्वास ठेव.’ मी शेरा मारला: ‘उत्तर असंबद्ध.’ कागद फ्रिजवर चुंबकाखाली तसाच राहिला.

मग भिवापूर निघालं. तिघांनी रविवारी सकाळी भिवापूरला जायचं, मिरची आणायची आणि दुपारपर्यंत परत यायचं. जी मिरची इथे आपल्या कळमन्याच्या बाजारात पोत्यानं पडलेली असते, ती आणायला तीन निवृत्त माणसं आणि जवळपास दोन हजार सीसी. मी म्हटलं, ठीक आहे. तुमच्या बाबांनी फोनवर माझी समजूत घातली होती. तोही तिकडूनच बदाम पाठवतो. शनिवारी आजोबांना सर्दी झाली, झोपताना त्यांनी गोळी घेतली. मी ऐकलं, पाहिलं आणि काहीही बोलले नाही. बोलले असते तर ते माझ्या नावावर थांबले असते किंवा माझ्या नाकावर टिच्चून गेले असते. दोन्हींत मला काहीच कळलं नसतं.

रविवारी सहाला मी डबा भरला: आलूचे पराठे, मिरचीचं लोणचं. किल्ली काढून दिली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. करताना मी फळीला धरून उभी होते. आजोबा जाकीट, हातमोजे, हेल्मेट असं सगळं चढवून चंद्रावर निघाल्यासारखे बाहेर गेले. फाटकाबाहेर दोघं मित्र इंजिनं सुरू ठेवून उभे होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. त्या खिडकीतून फाटक दिसतं आणि ऐकूही येतं. खिडकी तिथे असावी असा आग्रह घर बांधताना माझाच होता.

आजोबांनी गाडी सुरू केली. फाटकापर्यंत नेली. मग बंद केली.

“काय झालं गा? बंद काहून केली?” एक मित्र म्हणाला.

“नाही येत मी आज.”

“अरे! वहिनीनं अडवलं वाटते!”

दुसऱ्यानं आवाज चढवला, मला ऐकू यावं म्हणून. “वहिनी, सोडा ना जी यायले! दुपारपर्यंत परत करतो, जसेच्या तसे!”

मी पडदा धरला आणि माझ्या नावाची वाट पाहू लागले. तीस वर्षांची सवय.

“तिनं काही नाही अडवलं,” आजोबा म्हणाले. “तिनं तर डबा भरून देल्ला. मीच नाही येऊन राहिलो. रात्री गोळी घेतली, डोळे जड पडून राहिले माझे. असा चालवणार नाही मी.”

“एवढ्या सर्दीनं? मग गाडी कायले घेतली? अंगणात पुसाले?”

“हो. आज पुसतोच.”

“म्हातारा झाला गा तू!”

“झालो. हा डबा घेऊन जा, गरम आहे. आणि मिरची आणजा आमच्या घरासाठी.”

मित्र हसले, आणखी दोन गोष्टी बोलले ज्या मी लिहिणार नाही, आणि पराठे घेऊन गेले. आजोबा एरवी माझ्याशी शुद्ध बोलतात आणि, माझं नाव पुढे केलेलं नसेल तेव्हा, मित्रांशी खरं बोलतात, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

ते आत आले. जाकिटाची चेन अडकली होती, ती मी सोडवली. अंगात थोडी कणकणही होती.

“डबा त्यांना दिला,” ते म्हणाले. “नाश्त्याला काय आहे?”

“पोहे होतील.”

“बरं.” मग त्यांनी किल्ली पुढे केली. “की मीच टाकू मिरचीच्या डब्यात?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी कळलं. किल्ली लावली, मग हेल्मेट घालण्याआधी डोळा चोळला. चौकापर्यंत रडत गेलो. सिग्नलवर एकानं विचारलं, काका, घरी सगळं ठीक आहे ना.”

म्हणजे दीड महिना किल्ली कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी दुपारी दोन तास झोपते, तेव्हा झोपेत घर गेलं तरी मला कळत नाही. त्यांनी डबा उघडला नाही. रोज सकाळी माझ्यापुढे हात पसरून, डोळ्यांची आग सोसून, किल्ली मागून घेतली.

मी पोहे भिजवले. मग फ्रिजवरचा कागद काढला, ‘उत्तर असंबद्ध’ खोडलं आणि खाली तारीख घालून सही केली. शेरा लिहिला नाही. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर छत्रीशेजारी लावली, आणि ती अजून तिथेच असते.

पुढच्या रविवारी ते भिवापूरला जाऊन आले. मी साडेदहापासून त्या खिडकीशी होते, कढीपत्ता निवडत. दोन माणसांच्या घरात लागतो त्याच्या दसपट कढीपत्ता निवडून झाला तेव्हा फाटक वाजलं. मिरची कळमन्याच्या मिरचीसारखीच आहे. मी त्यांना तसं सांगितलं, आणि दोन कप चहा टाकला.