पेन्सिलची हजेरी

हजेरी सगळेच घेतात, पण ती आलेल्यांची. आमचे योसेफदादा न आलेल्यांची हजेरी घ्यायचे, आणि तीही इतकी सावकाश की नवख्या माणसाला वाटावं, इथे गैरहजर राहणाऱ्यालाच मान आहे.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता, नालवाडीतल्या आमच्या लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत तरुण संघाची सभा भरायची. एक गीत, एक प्रार्थना झाली की दादा निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही काढायचे. समोर बसलेल्यांच्या नावांपुढे पेनाने चटाचट खुणा व्हायच्या. मग वही डोळ्यांजवळ नेऊन ते उरलेली नावं वाचायला घ्यायचे. नोकरीसाठी पुण्याला गेलेला, लग्न होऊन अमरावतीला गेलेली, कुणाशी बिनसलं म्हणून घरी रुसून बसलेला, सगळ्यांची. नाव घेतलं की खोलीतल्या कुणीतरी त्याच्या वतीने ओ द्यायची आणि त्याची खबर सांगायची. अट एकच होती. ओ देणाऱ्याने त्या आठवड्यात त्या माणसाशी स्वतः बोललेलं असलं पाहिजे. "तुह्यं बोलनं झालं का त्याच्याशी?" दादा चष्म्यावरून बघत विचारायचे. झालं असलं तर त्या चौकोनात ओ देणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचे, आणि तेही पेन्सिलने. कुणीच बोललेलं नसेल तर चौकोन कोरा राहायचा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांना विचारलं होतं, "दादा, हे पेन्सिलनं काऊन?"

"पेनानं लिहिलं म्हनजे पक्कं झालं न, रूथ," ते म्हणाले. "मानूस नाई आला हे कच्चंच लिहाव. उद्या येईन तो."

आणि खरंच एखादा वर्षा-दोन वर्षांनी दारात उगवला की दादांचा आवाज चढायचा, "पेन द्या रे कोनी!" पेन त्यांच्या स्वतःच्याच खिशात असायचा. पण आलेला माणूस सगळ्या खोलीला कळला पाहिजे, म्हणून ही आरोळी. या हजेरीच्या धाकाने आम्ही शनिवारी एकमेकांना फोन लावत सुटायचो. संघातल्या दोघी मैत्रिणी कडाक्याच्या भांडल्या होत्या, तर त्यातल्या एकीने दुसरीला फोन करून फक्त "जिती आहेस का" एवढंच विचारलं आणि फोन आपटला. दादांनी ते बोलणं धरलं. पुढच्या रविवारी दोघी शेजारी बसून पेरू खात होत्या.

दादा देवळीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की मशीन थांबत नसे, आणि नाताळाची सगळी धावपळही नेमकी त्याच दिवसांत. डिसेंबरात ते मोपेडवरून थेट कामावरूनच सभेला यायचे, भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले. आम्ही हसायचो. "हसा, हसा. तुमी आतापासून बुढे होऊन पाहा, मंग समजन," म्हणत ते कान झाडायचे.

संघ त्यांनी ऋतूंवर चालवला. कापूस वेचायच्या दिवसांत मुलं-मुली रानात असायची, म्हणून नाताळाची गाणी आम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून म्हटली आहेत. रस्त्यापलीकडे भाजीची वाडी करणाऱ्या बेबीकाकू दरवर्षी आमच्या फेरीची वाट बघायच्या. त्यांच्या घरी देव्हारा, अंगणात तुळस, पण "गाईचं गानं म्हना" हा त्यांचा हुकूम ठरलेला. गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या गाण्याला त्या हेच नाव देत, आणि वर सगळ्यांना वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधून देत. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा चढला की सभा कडुनिंबाखाली जायची आणि वेळ सात. पावसात छप्पर गळलं की वही दादांच्या सदऱ्याच्या आत.

दरवर्षी मेमध्ये तीन दिवसांचं शिबिर असायचं. मुलांच्या हातात मोबाइल आले तसा दादांनी नियम काढला: शिबिरात पोचलं की सगळ्यांचे फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात. कुरकुर व्हायची. मग दादा सर्वांत आधी स्वतःचा फोन डब्यात टाकायचे. "नेम साऱ्याईले सारखा," म्हणायचे. त्या नियमाचं आम्हाला फार कौतुक होतं, आणि तोच नियम त्यांना भोवला.

सात वर्षांपूर्वीचं शिबिर आष्टीकडच्या एका शाळेत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नालवाडीत वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या छातीत कळ आली. घरी त्यांचा एकुलता एक मुलगा शिमोन होता, वीस-एकवीस वर्षांचा. त्याने आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि वडिलांना फोन लावत राहिला. फोन पिठाच्या डब्यात होता. शेवटी त्याचा एक मित्र मोटरसायकलवरून शाळेत पोचला तेव्हा आम्ही झाडाखाली जेवायला बसलो होतो. दादांनी डबा उघडला. फोनच्या काचेवर शिमोनचं नाव एकाखाली एक, एकाखाली एक. दादा दवाखान्यात पोचले तेव्हा वहिनींवर चादर ओढलेली होती.

दफन झाल्यावर अंगणात शिमोन सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमी साऱ्या गावच्या पोट्ट्याईचे दादा. माह्ये बाबा कवा होते?" पावसाळा सरायच्या आत शिमोन पुण्याकडे निघून गेला, कुठल्याशा कारखान्यात लागला. वडिलांचा फोन त्याने परत कधी उचलला नाही.

त्यानंतर दर रविवारी हजेरीत ते एक नाव यायचं. "शिमोन." दादा थांबायचे. बाकी नावांना थांबायचे त्याहून थोडं जास्त. कुणाचंच त्याच्याशी बोलणं झालेलं नसायचं. बापाचंही नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांनाही ओ देता यायची नाही. पंखा गरगरत राहायचा, आम्ही चटईच्या काड्या उपटत बसायचो. मग "बरं" म्हणून दादा पुढचं नाव घ्यायचे.

वर्षं गेली तशी खोली रिकामी होत गेली. मीही पुण्याला नोकरीला लागले. वहीत चाळीस-पन्नास नावं, पण समोर चटईवर पाच-सहा जण उरले. घरबसल्या मोबाइलवर मोठमोठ्या शहरांतल्या उपासना बघता येत होत्या, तिथे गिटार होती, रंगीत दिवे होते. दादांनी हार नाही मानली. संघातल्या मुलांकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला, फोन विटेला टेकवून उभा करायला लागले आणि बराच काळ पुण्या-मुंबईच्या लोकांना फक्त आपलं कपाळ दाखवत राहिले. पाळकसाहेब एकदा समजुतीने म्हणाले, "योसेफभाऊ, गेलेली नावं काढून टाका. सुटसुटीत होईल." दादा म्हणाले, "साहेब, मंग मी हजेरी कोनाची घेऊ?"

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. इथवर मी ते टाळलं.

मागच्या नोव्हेंबरात चाकणच्या बसथांब्यावर मला शिमोन भेटला. वाळला होता. पाच मिनिटं बोललो. निघताना म्हणाला, "रूथ, तू मले पाह्यलंच नाई असं समज." मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात नालवाडीला आले, रविवारी खोलीत जाऊन बसले. दादा फार थकलेले दिसले. नाव आलं. "शिमोन." तेच थांबणं. मला ते सहन झालं नाही. "मला भेटला होता," मी म्हटलं. दादांनी वही खाली केली. तेवढ्यावर मी थांबले असते तर निदान खोटं बोलले नसते. पण त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "बरा आहे. नाताळाला घरी येतो म्हणत होता."

"तुह्यं बोलनं झालं? सोता?" 

"हो दादा."

त्यांनी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. ती दाताने सोलून त्यांनी त्या चौकोनात 'रू' लिहिलं.

मग दादांनी घराला चुना मारला. बेबीकाकूंना सांगून ठेवलं, चांगली वांगी राखून ठेवजा, पोराले भरीत आवडते. मी नाताळाला आले तेव्हा हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि तोंड उघडलं नाही. उपासनेनंतर दरवर्षीप्रमाणे संघ त्यांच्या घरी जेवायला बसला. एक ताट वाढून भिंतीशी ठेवलेलं होतं, वर पालथं ताट झाकलेलं. कुणीतरी विचारलं, शिमोन येणार होता ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताटातला घास चिवडत राहिले.

"गाडी नाई भेटली असन त्याले," दादाच म्हणाले. "नाताळात रिझर्वेशन कुठं भेटते? रूथ, भरीत घे न पोरी. तू काई जेवूनच नाई राह्यली."

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला पळाले. दादांना काही कळलं नाही, अशी स्वतःची समजूत घालून मोकळी झाले.

नाताळानंतर दादांचं दुखणं वाढलं, आणि या मे महिन्यात ते झोपेतच गेले, एका शुक्रवारी सकाळी. मी सुट्टीवर घरीच होते. दादांच्या मोबाइलमधला नंबर घेऊन मी शिमोनला फोन लावायला लागले. तो लागत होता, उचलला जात नव्हता. उन्हाळा असा की दफनासाठी संध्याकाळच्या पुढे थांबणं शक्यच नव्हतं. मूठमाती देताना बेबीकाकू पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. अंधार पडता पडता शिमोनचा फोन आला. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावे लागतात, पाळी संपल्यावरच हातात मिळतात. हे सांगून तो म्हणाला, रात्रीच्याच गाडीने निघतो. पिठाचा डबा त्यालाही आठवला असणार.

शनिवारी दुपारी तो आला. कबरीवर जाऊन आला आणि चुना मारलेल्या त्या घरात भिंतीला टेकून बसला. दादांच्या सदऱ्याच्या खिशातला पेन मी त्याच्या हातात दिला. मग जे सहा महिने गिळून बसले होते ते ओकून टाकलं: तो नाताळाला येणार असं खोटंच सांगितलं होतं, आणि त्याचा बाप ताट वाढून वाट बघत बसला.

"बाबाले मालूम होतं," शिमोन म्हणाला.

दादा त्याला दर रविवारी एक मेसेज पाठवायचे. तो वाचायचा, उत्तर द्यायचा नाही. सात वर्षांत एकदाच दिलं होतं. त्याने मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. नाताळाच्या चार दिवस आधीचा दादांचा मेसेज होता: 'रूथ म्हने तू येतं. चुना मारला.' खाली शिमोनचं उत्तर: 'मी असं काई म्हटलं नाई. ती खोटं बोलली.' आणि त्याखाली दादांचं: 'तिले काई म्हनू नको बेटा. तिनं माह्यासाठी म्हटलं.'

म्हणजे त्या दिवशी ताट वाढलं तेव्हा त्यांना पक्कं ठाऊक होतं की कुणी येणार नाही. मी वही उघडली. शिमोनच्या ओळीत पानोपानी सात वर्षांचे कोरे चौकोन होते. नोव्हेंबरातल्या त्या एका चौकोनात खोडरबर फिरवलेलं होतं, इतकं हलक्या हाताने की उजेडाकडे धरल्यावर 'रू' अजून दिसत होतं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. भेट खरी होती पण खबर खोटी, आणि वही तेवढीही खोटी त्यांनी राहू दिली नाही. मी तिथेच हमसून हमसून रडले. रडले ते दादांसाठी की स्वतःच्या लाजेने, ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सभा बंद ठेवायचं कुणी सुचवलं नाही. वही मी प्रेरणाला दिली. ती बाहेरगावाहून नर्सिंग शिकायला आलेली, दुसऱ्या वर्षाला आहे, दादांच्या आजारपणात हजेरी तीच घ्यायची. शिमोन उशिरा येऊन दाराशी मागे बसला. गीत झालं, प्रार्थना झाली. प्रेरणाने समोरच्यांच्या खुणा केल्या, पेन्सिल घेतली आणि नावं वाचायला लागली. दादांचं नाव वहीत नव्हतंच. घेणाऱ्याची हजेरी कोण घेणार?

"शिमोन," ती म्हणाली, आणि दादा थांबायचे तितकीच थांबली.

मागून हात वर झाला. प्रेरणाने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी ओ देतंय असं समजून तिने पेन्सिल चौकोनावर टेकवली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "तुमचं बोलनं झालं का जी त्याच्याशी?"

"मीच आहो," तो म्हणाला. "मीच शिमोन."

पंखा फिरत होता. दादा सात वर्षं याच उत्तरासाठी थांबत आले आणि दोन दिवस आधी गेले. प्रेरणाने पेन्सिल खाली ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तिने आवाज चढवला, दादा चढवायचे तसाच.

"पेन द्या जी कोनी!"

शिमोन उठला, चटयांवरून वाट काढत पुढे आला आणि खिशातला बापाचा पेन काढून त्याने तिच्या हातात दिला. तिने खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.