पडदा पांढरा आहे का

जुन्या रंगीत टीव्हीचा पांढरा रंग भारी खोडसाळ. लाल, हिरवा, निळा, तिन्ही बरोबर जुळले तरच तो उमटतो. त्यात तासभर पडद्याकडे बघत बसलं की डोळा फसतो आणि गुलाबीसुद्धा पांढरा वाटू लागतो. म्हणून नांदेडला माझ्या उस्तादांच्या दुकानात एक नियम होता. सेट देण्याआधी दुसऱ्या माणसाने पडदा बघायचा आणि खरं सांगायचं, भीड ठेवायची नाही. शिकत असताना मी त्यांचा पडदा तीनदा नापास केला. तिन्ही वेळा चहा त्यांनीच पाजला.

आता मी लातूरला एलईडी टीव्हीचे बोर्ड बदलतो. त्याला काडीची अक्कल लागत नाही. मागच्या वर्षी उस्तादांचा फोन आला. नायगावच्या एका गिऱ्हाइकाला वडिलांच्या जुन्या टीव्हीवर लग्नाची कॅसेट बघायची होती. सेट तयार आहे, फक्त नजर टाकून जा, म्हणाले. शुगरने त्यांचे डोळे गेल्यात जमा होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, हे मला ठाऊक होतं.

गेलो तेव्हा ते टीव्हीच्या मागे बसले होते. समोर स्टुलावर आरसा, हातात प्लास्टिकचा पेचकस. आरशात पडदा बघत मागचे स्क्रू फिरवायची त्यांची जुनी पद्धत. पडदा निळा होता. नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा, ढळढळीत निळा. मी उगाच भिंग लावून काचेवरचे ठिपके बघत वेळ काढला.

"पांढरा हाय का, बेटा?"

त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "हाव, पांढराच हाय," मी म्हणालो. ते इतके खूश झाले, की मोठं पुण्य केल्याच्या थाटात मी लातूरची एसटी पकडली. आज आठवलं की स्वतःची किळस येते.

आठवड्याने त्यांचा फोन आला. गिऱ्हाईक सेट परत घेऊन आलं होतं. कॅसेटमध्ये नवरीची हळद दिसेना, माणसं मढ्यासारखी दिसत होती. आंधळ्याने दुकान उघडून बसू नये, असं ते चारचौघांत बोलून गेलं. उस्तादांनी हे सगळं शांतपणे सांगितलं.

"तुला दिसलं होतं का?"

दुसऱ्यांदा खोटं बोलायची हिंमत झाली नाही. दिसलं होतं, म्हणालो.



"मग आता मी कोणाला विचारू?" म्हणाले, आणि फोन ठेवला.