दोरीवरचा लाल लंगोट

सकाळी कपडे वाळत घालायला गेले, तर दोरीवर लाल लंगोट. मान दुखावल्यावर माझ्या महादूनं कुस्ती सोडली आणि लंगोट तालमीतल्या मारुतीपुढं ठेवला. ठेवलेला लंगोट परत उचलत नाहीत. यानं उचलला.

"आई, जत्रेत एकच कुस्ती," म्हणाला.

"मान मोडायला एकच पुरते."

तो हसला. "अजून लोक नाव घेतात गं."

घेतील. जिंकायची चव लागलेल्या माणसाला घरचं जेवण अळणीच लागतं. पण पडल्यावर उचलायला ते लोक येत नाहीत.

तो तालमीकडं निघाला. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, तरी मी मारली. त्याची मान वळली नाही. अख्खा माणूस वळला.