सकपाळचा सवाल आणि घरोघरची मोहरी

सकपाळ गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी टाकत होतो. त्याची मुलगी वैशाली बोलत होती. "काका, बाबा गेले." मी म्हणालो, "थांब पोरी, आधी गॅस बंद करतो." माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी असं बोलतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं, कारण तेलात मोहरी तडतडत होती, आणि त्या मोहरीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला सकपाळबद्दल काहीच सांगता येणार नाही. तो फोन येऊन दीड महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंत. हयात तळोज्याच्या कंपनीत पिंपं ढकलण्यात गेली. तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

करंजाड्यात आम्ही एकाच बिल्डिंगीत राहायला आलो. मी पहिल्या मजल्यावर, तो तिसऱ्या. तो कोकणातला, मी मराठवाड्यातला. त्यानं मला वाघमारे म्हणून कधी हाक मारली नाही. "काय मराठवाडा, नळाला पाणी आलं, की सवयीनं टँकरची वाट बघत बसलायस?" असं जिन्यातूनच ओरडायचा. मी म्हणायचो, "कोकण, तू आधी सुक्या बोंबलाचं पातेलं खिडकीतून आत घे, मग माझ्याशी बोल." रबाळ्याच्या एका कारखान्यात माल तपासायचं त्याचं काम होतं. हातात घेऊन, उलटापालटा करून बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, ही सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. भेंडी तशीच घ्यायचा, डॉक्टरच्या गोळ्या तशाच घ्यायचा, आणि वैशालीला बघायला आलेल्या पोराला त्यानं एवढे प्रश्न विचारले की पोरगं म्हणालं, "काका, मी नोकरीसाठी आलेलो नाही."

आमच्या विहारात, म्हणजे पत्र्याच्या लांबट शेडमध्ये, पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायला माझी बायको बसायची, सुमन. पांढरं लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा की मागे बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळावा. मला जाडं पुस्तक धड वाचता येत नाही. भगवान बुद्ध मला जेवढे माहीत, तेवढे सगळे तिच्या तोंडून माहीत. तिनं वाचलं तसे ते घरातून निघाले, तिनं वाचलं तसे झाडाखाली बसले. घरी भाकरी थापतानासुद्धा ती मला आदल्या दिवशीचं पुन्हा सांगायची, कारण विहारात मला कधीकधी डुलकी लागायची.

असंच एकदा वाचन चालू असताना सकपाळनं हात वर केला. त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला चिडवलं होतं, "तुमचा बुद्ध खरंच होऊन गेला का रे, की नुसत्या गोष्टी?" सकपाळला उत्तर आलं नव्हतं, आणि उत्तर आलं नाही की त्याला चैन पडायचं नाही. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, जरा थांबा. हा माणूस झाला होता याला पुरावा काय?"

शेडमध्ये असा गलका झाला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. "बाहेर काढा त्याला", "प्यायलाय का?"... विहाराचे सचिव अहिरे, आमच्याच बिल्डिंगीतले रिटायर क्लार्क, लालबुंद झाले. म्हणाले, "सम्राट अशोकानं लुंबिनीला दगडी खांब रोवला. इथं बुद्ध जन्मले असं त्याच्यावर कोरलंय. आणखी काय पाहिजे?"

"पण अशोक किती पिढ्यांनी आला? त्यानं तरी ऐकलेलंच कोरलं ना? बुद्धाच्या हयातीतला कागद नाही, दगड नाही."

"सकपाळ, तुम्ही आपल्या धम्मावर शंका घेता?"

"अहो साहेब, आपल्या बापांनी घरातले देव नदीत सोडले ते काय झोपेत सोडले? विचार करून सोडले. मग मी इथं विचार करायचा नाही, तर कुठं करायचा, स्टेशनावर?"

तेव्हा सुमननं चष्मा वर केला आणि म्हणाली, "भावजी, तुमच्या पणज्याचं नाव काय?"

आमच्यासारख्यांच्या घरात आज्याच्या मागचं नाव कुठं असतं? कुणी लिहून ठेवलं नाही, कुणी दगडावर कोरलं नाही.

"नाव नाही, कागद नाही. म्हणजे तुमचा पणजा झालाच नाही म्हणायचं?"

सगळी शेड हसली. अहिरेसुद्धा हसले. पण सकपाळ खाली बसला नाही. सावकाश म्हणाला, "वहिनी, माझ्या पणज्याचा पुरावा मी हाय. मी इथं उभा हाय. बुद्धाचा पुरावा कोन?"

सुमननं पानात बोट घालून ठेवलं. मग म्हणाली, "विचार करून सांगते," आणि पुढचं वाचायला लागली.

कमिटीनं सकपाळला येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सुमननं निरोप धाडला, "विचारणाऱ्याला हाकलणार असाल तर वाचायला दुसरं कुणी बघा." म्हणून तो येत राहिला. मधल्या पंख्याखालची खुर्ची धरून बसायचा. अहिरे त्याच्याशी बोलेनात, पण वाचताना एखादी चमत्काराची जागा आली की मान वळवून त्याच्या खुर्चीकडे बघायचेच.

सुमनला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याआधीच ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, मी पाणी घेऊन येईपर्यंत... असो. त्यानंतर मी विहारात जाणं सोडलं. स्वयंपाकघरात जायचंही जिवावर यायचं. डाळ-भात शिजवायचा, मीठ टाकायचं, गिळायचं. लोक समजावायला यायचे, "सगळं अनित्य आहे." मी म्हणायचो, "चहा घेणार का निघणार?" डोक्यात एकच किडा वळवळत होता. सकपाळ म्हणतो तसा तो माणूस झालाच नसेल, तर सुमन इतकी वर्षं काय वाचत होती? माझ्या बापानं देव सोडले, मी ऐकून ऐकून याला धरलं, आणि हाही नुसती गोष्टच निघाला, तर तिचा सगळा आवाज फुकट गेला म्हणायचा का?

सकपाळ रोज यायचा आणि घटकाभर बसून जायचा. एका सकाळी मी त्याच्यावर भडकलो. हे सगळं त्याच्या तोंडावर बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तो झाला नाय असं मी कधी म्हटलं? पुरावा काय, एवढंच विचारलं. मेल्या, प्रश्न आणि नकार यात फरक असतो." मग जरा वेळानं म्हणाला, "वहिनी ती मोहरीची गोष्ट वाचायच्या बघ. लेकरू गेलेली बाई, ते जिवंत करा म्हणत त्याच्याकडं आली. त्यानं तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाय त्या घरातून मोहरी आण."

"मग?"

"माणूस तपासायला आपल्या हातात काय नाय. गोष्ट तर तपासता येते. ऊठ. वाटी घे."

मला वाटलं, याला वेड लागलं. पण त्यानं स्टीलची वाटी माझ्या हातात कोंबली आणि मला ओढत शेजारच्या दारात उभं केलं. तिथं म्हात्रे काकू, करंजाड्याच्याच मूळच्या. सकपाळनं मोहरी मागितली. काकूंनी माझं दाढी वाढलेलं तोंड बघितलं आणि आत जाऊन मोहरीबरोबर मीठ आणि लाल मिरच्याही घेऊन आल्या. "दीट काराची हाय ना याची? पयलेच कराला पायजे होती. बाय गेल्यापासून बग कसा सुकलाय." सकपाळ सांगतोय की दृष्ट नाही काढायची, त्या ऐकतात कुठं! त्यांनी दारातच माझ्यावरून मूठ उतरवली. तेवढ्यात जिन्यातून अहिरे वर येत होते. त्यांनी बघितलं. विहाराचा माणूस दारात उभा राहून दृष्ट काढून घेतोय! "वाघमारे, हे काय? आणि सकपाळ, तुम्ही? पुरावा मागणारे तुम्ही?" मी सुमन गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. असा हसलो की मला भिंतीला टेकावं लागलं, आणि मग हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. काकूही रडायला लागल्या. त्यांचा थोरला मुलगा खाडीत गेला होता, हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं.

सकपाळनं अहिऱ्यांना सगळं सांगितलं. ते वर गेले आणि आपल्या घरातून चिमूटभर मोहरी घेऊन आले. वाटीत टाकली आणि म्हणाले, "माझा धाकटा भाऊ." एवढंच.

मग आम्ही मजले चढत गेलो. लोक आधी मोहरी द्यायचे, नंतर सकपाळ विचारायचा, घरात कुणी गेलंय का. प्रत्येक घरात कुणीतरी गेलेलंच असायचं, आणि दिलेली मोहरी परत कशी करायची, म्हणून ती वाटीतच राहायची. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं होतं. सकपाळनं विचारलं, "तुमच्या घरात कुणी वारलंय का?" पोरगा म्हणाला, "काका, पझेशनच आत्ता मिळालं." सकपाळचे डोळे चमकले. "बघ मराठवाडा! फेल! गोष्ट सिडकोच्या आधीची हाय, तेव्हा नवीन फ्लॅट नव्हते." तेवढ्यात ती पोरगी आतून मोहरीची पुडी घेऊन आली. म्हणाली, "घर नवीन आहे काका. पण आई माझी या घराची पूजा बघायच्या आधीच गेली."

सकपाळनं मान खाली घातली.

घरी येऊन त्यानं माझे डबे उघडले. मोहरीचा डबा रिकामा. सुमन गेल्यापासून मी आणलीच नव्हती. त्यानं वाटी त्यात ओतली, तेल तापवलं आणि डाळीला फोडणी दिली. कुणाची मोहरी बारीक, कुणाची जाड, कुणाची जुनी. सगळी एकदम तडतडेना. मी डाळ ओतायला गेलो तर हात धरून म्हणाला, "थांब. अजून एक राहिली." ती उडाली तेव्हाच डाळ ओतू दिली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. जेवता जेवता विचारलं, "मग, झाला होता का तो?" म्हणाला, "माणसाचं नाय सांगता येत. गोष्ट पास." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या संध्याकाळी मी विहारात गेलो. सुमनच्या जागी आता अहिरे वाचायला बसत होते. सकपाळ पंख्याखाली, मी त्याच्या शेजारी. पुढं अनेक पावसाळे तो तसाच विचारत राहिला आणि अहिरे तसेच चिडत राहिले, पण आता चहा दोघं एकत्र घ्यायचे. सकपाळ गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत अहिरे दोन शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, "सकपाळना मी शेवटपर्यंत उत्तर देऊ शकलो नाही. पण ते नसते तर मी नुसती पानं उलटली असती. त्यांच्या भीतीनं मी वाचायला शिकलो." मला बोलायला सांगितलं. मला बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिलं.

मोहरीचा तो डबा मी रिकामा होऊ देत नाही. विरजणासारखं करतो. तळाला थोडी उरली की दुकानातून आणून तिच्यावरच नवी ओततो. इतक्या वर्षांत किती ओतली असेल. त्या दिवशीचा एखादा दाणा आज डब्यात आहे की नाही, मला सांगता यायचं नाही. पुरावा नाही.

पण रोज फोडणी घालताना, सगळी उडून झाली असं वाटलं तरी मी डाळीचं पातेलं हातात धरून जरा थांबतो... अजून एक राहिली असेल.