खेजडीच्या पाखरांचं तोरण

पळसदरीच्या फलाटावर आबांनी माझ्या बॅगेत भाताच्या लोंब्यांची जुडी कोंबली. दसरा चार दिवसांवर होता आणि मी जोधपूरला नर्सची नोकरी धरायला निघाले होते. आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताचं तोरण दाराला बांधतात, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत राहतं. आबा म्हणाले, "जिथं पाखराला दाणा मिळत नाय तिथं माझी पोर काय खाईल? नाय जमलं तर परत ये गं." आई गेल्यापासून त्यांना मी एकटीच. मी उपाशी राहीन, ही धास्ती त्यांनी मनात घट्ट धरली होती.

इथे जोधपूरला तोरण बांधलं आणि तिसऱ्या दिवशी नुसता पेंढा उरला. परसात खेजडीचं झाड आहे, त्यावरच्या चिमण्या आणि खारींनी डाव साधला होता. सांडलेलं मोराने टिपलं. गावी मोराचा आवाज तेवढा रानातून यायचा, इथे स्वारी मोरीच्या पाण्यात पाय बुडवून उभी. हसायचं सोडून मला रडूच आलं. रिकामं तोरण म्हणजे घरात उपास, हे आबांचं गणित मला पाठ होतं.

मग मी शहाणपणा केला. घरमालकीण भाभीसांनी बाजरीची कणसं दिली होती, ती पेंढ्यात खोचली आणि व्हिडिओ कॉलवर लांबूनच दाखवली. आबांची नजर अधू, फोन छोटा, खपून जाईल असं वाटलं. जन्मभर भात लावलेला माणूस तो. फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हा भात नाय. खरं काय ते सांग."

सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडतील.

"पाखरांनी खाल्ला? मंग फोन तिकडं फिरव की."

तेव्हापासून दर रविवारी फोन खेजडीकडे. सातभाईंच्या थव्यात एखादा कमी दिसला तरी आबा विचारतात. याच झाडाच्या शेंगांची सांगरी होते. भाभीसांनी ती भिजवून, केरं म्हणजे इथल्या काटेरी झुडपाची आंबट फळं घालून शिजवायला शिकवलं. सोबत बाजरीचा सोगरा, म्हणजे इथली जाड भाकरी, वर तूप आणि लसणाची चटणी. तांदळाच्या भाकरीची आठवण येते, नाही कसं म्हणू? पण सोगरा पुढ्यात आला की ती फार वेळ टिकत नाही. गावाकडचे तुम्ही फोनवर विचारता, वाळवंटात करमतं का? करमतं. माझ्यासारखे बाहेर पडलेले कुणी हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगते, परसदार असलेलं घर बघा.

यंदा दसऱ्याला आबा स्वतः आले, दोन जुड्या घेऊन. एक दाराला बांधली, दुसरी खेजडीच्या फांदीला, म्हणजे दाराची तरी वाचेल. सांगरी चाखून म्हणाले, "आपल्या वालाची चुलतबहीण हाय ही." दोन वेळा वाढून घेतली. पाखरांनी आधी दाराचीच जुडी संपवली. आम्ही दोघं पायरीवर बसून बघत होतो आणि कुणीही त्यांना हाकललं नाही. भात पिकतो ते घर माझं आहेच, पण त्या सकाळी हेही माझं झालं.

आबा परत निघाले तेव्हा स्टेशनवर मी वाट पाहत होते, आता म्हणतील, परत ये गं. गाडी हलली तरी म्हणाले नाहीत. खिडकीतून हात बाहेर काढून एवढंच म्हणाले, "पुढल्या साली तीन जुड्या आणतो."