ठोकून बघितलेली फळी

हे मी बायकोपाशी बोललो नाय, आईपाशी तर नायच. तुमची-माझी तशी ओळख नाय, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभच उचलणार नाय.

मानसी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. माहेर मालवणचं. लग्न होऊन इथं मुकुंदवाडीत आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली, दादा, इथं तर नळालासुद्धा पाणी नाही. आम्ही हसलो. तिचा भाऊ तिकडं पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवतो. त्याला फळ्या लागतात — सर्फबोर्ड — त्या बाहेरून मागवाव्या लागतात. मानसीनं ठरवलं, आपण घरीच करायची. पहिली पाण्यात टिकली तर पुढच्या सगळ्या तुझ्याकडूनच घेईन, असा शब्द भावानं दिला. इथं आल्यापासून तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. हे होतं.

आता माझं सांगतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं फायबरचं काम करतो. टाक्या, केबिनी, असलं. घरात काही फुटलं, गळलं, की हाक मलाच. आणि मानसी मोबाईलवर बघून गच्चीवर थर्माकोल कापायला लागली. मी म्हणालो, कर की, हर्सूलच्या तलावात तरंगायला होईल. मला वाटलं, आठ दिवसांचं खूळ.

खूळ नव्हतं. थर्माकोलचा गाभा तिनं असा घासला, की हात फिरवला तर कुठं अडकत नव्हता. त्याच्यावर वर-खाली कडक फोमची पातळ कातडी, मधी काचेचं कापड आणि चिकटवायला रेझीन. मग सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे कातडी गाभ्याला गच्च बसते. हवा ओढायला काय, तर भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. हे मला का नाय सुचलं? सतरा वर्षं — आणि मी स्वतःचं म्हणून एक स्टूलसुद्धा केलेलं नाय. आई शेजारणींना गच्चीवर नेऊन दाखवायची. बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा हिच्या हाताला सफाई आहे. सहज म्हणाली. पण जळलो मी. खोटं कशाला बोलू — लई जळलो. गच्चीवरून घासायचा आवाज आला, की मी टीव्ही मोठा करायचो.

मग तो रविवार. फळी तयार, पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या टपावरून मालवणला जायची होती. मानसी म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा ठोकून बघा. तुम्ही हो म्हणालात तरच पाठवते."

ठोकून बघणं आमचं रोजचंच. रुपयाच्या नाण्यानं टकटक करत जायचं. आत चिकटलेलं असलं तर टणक आवाज येतो, पोकळ राहिलं असलं तर भद वाजतं. मी पुढच्या टोकापासून निघालो. टक, टक, टक. इतकी सुरेख बसली होती, की मी — काय सांगू — चूक शोधतच होतो. आणि सापडली. मागच्या बाजूला, उभं राहणारा जिथं मागचा पाय रोवतो बरोबर तिथं, तळहाताएवढी जागा भद वाजली. इथल्या उन्हात तेवढ्या जागेतलं रेझीन कातडी बसायच्या आधीच घट्ट झालं असणार.

अर्ध्या तासाचं काम होतं. दोन बारीक भोकं पाडायची, सुईनं रेझीन आत सोडायचं, वर वजन ठेवायचं. तिला फरक कळला नव्हता, तिचा कान तयार नव्हता. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नाणं पुढं सरकवलं. शेवटपर्यंत ठोकत गेलो — उगाच, नाटक म्हणून. आणि म्हणालो, "पाठव. एक नंबर झालीय."

ती माझ्या पाया पडली.

घाईत निसटलं, असं म्हणायची सोय नाय. नाणं तिथं दोनदा थांबलं होतं.

दहाव्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला. पायाखालची कातडी सुटली, आत पाणी शिरलं, फळी फुगली. वर उभा होता तो शिकाऊ माणूस पडला, लागलं नाय. लागलं असतं तर? फळी पाठवताना हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. भाऊ समजूतदार. ताई, राहू दे, म्हणाला, मी बाहेरूनच मागवतो. मानसीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "माझाच हात कच्चा." कॉम्प्रेसर परत भंगारात गेला. उरलेली फोमची शीट तिनं पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकली. त्यानंतर तिनं असलं काही हातात घेतलं नाय. कुणी विषय काढला तर म्हणते, आपलं काम नव्हे ते.

तुम्हाला वाटेल, फोन आला तेव्हा तरी माझ्या काळजात चर्र झालं असेल. नाय झालं. हेच सांगायचं होतं, बाकीचं सगळं त्याच्यासाठी सांगितलं. मला बरं वाटलं. त्या दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तिनंच वाढल्या.